पुराणिक सरांची सीलबंद बरणी

बरणी रविवारी, १६ जून १९९६ रोजी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी बंद झाली. ही वेळ पुराणिक सरांच्या नोंदवहीत आहे, आणि पुराणिक सरांच्या नोंदवहीत जे लिहिलंय ते खरं असतं, असं डिंडोलीच्या त्या सोसायटीत सगळे मानत. निदान १५ ऑगस्टपर्यंत मानत होते.

श्रीरंग पुराणिक त्या गुजराती शहरातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवत. पण त्यांचा दरारा होता तो दहावीच्या परीक्षेचे केंद्रप्रमुख म्हणून. अकरा वर्षं प्रश्नपत्रिकांची पाकिटं त्यांच्यासमोर फुटली, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे त्यांच्या लाखेनं बंद झाले, आणि मधल्या तीन-तीन तासांत त्यांनी एकूण त्रेचाळीस मुलांना कॉपी करताना पकडलं. चिठ्ठ्या बुटातून निघाल्या, पट्टीच्या पाठून निघाल्या, एकदा तर थेपल्याच्या घडीतून निघाली. अकरा वर्षं हे काम केलं की माणसाची नजर बदलते. वाण्यानं हसून नमस्कार केला तरी सर आधी त्याचे हात बघत.

बरणीला कारण झाली आठवीतली वर्षा बोरसे. ही नवागाम या विणकरांच्या वस्तीतली मुलगी, वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कारागीर. शाळा सुरू होऊन चार दिवस झाले होते. सर फळ्यावर जलचक्र काढत होते आणि ओघात म्हणाले, की काचेच्या बरणीत माती, झाडं आणि थोडं पाणी घालून झाकण घट्ट लावलं, तर तेच पाणी आतल्या आत फिरत राहतं आणि झाडं जगतात. हे त्यांनी एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं.

"मरतील, सर," वर्षा म्हणाली.

"का मरतील?"

"घुसमटून. आमच्या घरी दार लावलं तरी घुसमटायला होतं."

वर्ग हसला. सरांना ते हसू आपल्यावर आहे असा संशय आला. ते म्हणाले, "साठ दिवस. साठ दिवसांनी पंधरा ऑगस्टला, झेंडावंदनानंतर, सगळ्या शाळेसमोर बरणी उघडीन. सीलबंद ठेवीन. तूच सील तपास."

मुख्याध्यापक त्याच वेळी व्हरांड्यातून चालले होते. त्यांनी संध्याकाळपर्यंत पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमपत्रिकेत पाचव्या क्रमांकावर 'श्री. पुराणिक यांचा प्रयोग' असं लिहून टाकलं, आणि जाता जाता विचारलं, "या वेळी खिचडी नाही ना?"

खिचडीचं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी सरांनी सूर्यचुलीवर खिचडी शिजवून प्रमुख पाहुण्यांना खायला घातली होती. त्या दिवशी ढग आले. पाहुण्यांनी पहिल्या घासाला दाताचा आवाज झाला तरी घास संपवला, हा त्यांचा मोठेपणा. तेव्हापासून शाळेत कशाचंही काही अर्धवट राहिलं की 'खिचडी झाली' म्हणण्याची पद्धत पडली. शिपाईसुद्धा म्हणत असे. आता पाचव्या क्रमांकावर पुन्हा फजिती झाली असती, तर सरांना तिथे निवृत्तीपर्यंत विज्ञान शिकवणं कठीण होतं. एकदाच्या खिचडीला ढगाचं कारण देता येतं. दुसऱ्या खिचडीला स्वभाव म्हणतात.

बरणी सरांच्या बायकोची, अलकाताईंची होती. काचेची, रुंद तोंडाची, लिंबाच्या लोणच्याची. लोणचं दोन स्टीलच्या डब्यांत हलवून त्यांनी ती निमूट दिली. धुऊनही हिंगाचा वास जाईना. सरांनी नोंदवहीत लिहिलं : 'किंचित हिंग. परिणाम अज्ञात.' तळाला खडी, तिच्यावर इस्त्रीवाल्याकडचा कोळसा कुटून, त्यावर चाळलेली माती. पाण्याच्या टाकीमागच्या भिंतीवरून दोन नेचे आणि थोडं शेवाळ, बाल्कनीतल्या मनीप्लांटची एक फांदी. पानं तेवीस. पाणी अर्धी वाटी. मासिकात अर्धी वाटीच म्हटलं होतं, आणि नोंदवहीतही अर्धी वाटीच लिहिलं आहे. मग अलकाताई लाख तापवायला स्वयंपाकघरात गेल्या आणि सर दोन-तीन मिनिटं बरणीजवळ एकटे राहिले. त्या दोन-तीन मिनिटांची नोंद नाही.

सील करण्याची पद्धत परीक्षेतलीच. झाकणावर मांजरपाटाचा तुकडा, गळ्याभोवती दोरा, गाठीखाली सही-तारखेची कागदी पट्टी, गाठीवर लाख आणि लाखेवर पितळी शिक्का. लाख ओतायचं काम अलकाताईंचं. केंद्रप्रमुखपदाच्या पहिल्याच वर्षी सरांनी अंगठा भाजून घेतला होता, तेव्हापासून लाख त्याच ओतत. तशी त्यांच्याकडे सरांची बरीच कामं होती. गॅसच्या पुस्तकावर, रेशनकार्डाच्या अर्जावर, भिशीच्या कागदावर सरांची सहीसुद्धा त्याच करत, कारण सर घरी नसत. नोंदवहीत पुढे आहे : 'पांढरा सुती दोरा, दीड हात. साक्षीदार : सौ. अलका.'

बरणी बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवली गेली आणि लोक यायला लागले.

पहिले आले सोसायटीचे सेक्रेटरी छगनभाई. वीस वर्षं मराठी शेजाऱ्यांत राहून त्यांनी स्वतःपुरती एक मराठी तयार केली होती. बरणीपासून चार हात लांब उभं राहून ते म्हणाले, "सर, आ शुं छे? काचला आतून घाम आला."

"ते बाष्प आहे. जलचक्र."

"ते बरोबर. पण सोसायटीत चोपन्न घर. दोन वरस आधी प्लेगच्या वखते पण पहिला कोणाला काय समजला नव्हता." आणि ते गेले. जाताना त्यांनी दाराची कडी रुमालानं धरली. सरांनी लिहिलं : 'छ. यांचा हेतू संशयास्पद.'

दुसऱ्या दिवशी अधिक महिना लागला आणि शेजारच्या उषाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. उषाबाई अमळनेरकडच्या, नवरा वाल्मिक लूमवर मुकादम. चोपन्न कुटुंबांत कोणाकडे काय शिजलंय ते त्यांना वासावरून कळे.

"भाऊ, या झाडेसले पानी कोन टाकस?"

"कोणी नाही. पाणी आतच आहे. वर जातं, खाली येतं."

उषाबाईंनी बरणीकडे पाहिलं. "वर जास, खाली येस. मंग त्यासले भेटस कव्हय?"

सरांनी जलचक्र पुन्हा समजावलं. उषाबाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अधिक महिना शे. झाडले पानी टाकाबिगर मी चहा पेत नई. समोर झाड तान्हेलं दिसस, मी काय करू?" आणि त्यांनी तांब्यातलं पाणी झाकणावरच ओतलं. हात जोडले. नोंद : '१७ जून, सकाळी ७.१०. बाह्य जलाभिषेक. सील तपासून पुसलं. उ. यांच्यावर लक्ष ठेवणे.'

लक्ष ठेवणं हे सरांच्या हातचं काम होतं. परीक्षागृहात ते खुर्चीवर बसत नसत, रांगांमधून पाठीमागे हात बांधून फिरत. आता तसेच बाहेरच्या खोलीत फिरायला लागले. सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी साडेसहा, पानं मोजणं, भिंगानं सील तपासणं. घरी आलेल्या पाहुण्याला बसायला द्यायची ती खुर्ची बरणीकडे पाठ करून ठेवलेली असे. अलकाताईंच्या भिशीच्या बायका एका रांगेत अंतर सोडून बसायला लागल्या, तेव्हा अलकाताई म्हणाल्या, "अहो, या परीक्षेला बसलेल्या नाहीत."

"पर्समध्ये काय आहे कोणाला माहीत?"

"पर्समध्ये पानसुपारी आहे. झाडांना कोण कशाला चिठ्ठी देईल?"

हा मुद्दा बिनतोड होता, म्हणून सरांनी पुन्हा पानं मोजायला घेतली.

दोन आठवड्यांनी मनीप्लांटची दोन पानं पिवळी पडली. नोंद : 'दोन पानं विश्रांती घेत आहेत.' तिसऱ्या दिवशी एक नेचा काचेला टेकला. नोंद : 'नेच्याचा कल प्रकाशाकडे.' खिडकी दुसऱ्या बाजूला होती. तळाच्या खडीत पाणी दिसत होतं, त्याबद्दल सरांनी 'ओल. स्वाभाविक.' इतकंच लिहिलं आणि पान घाईनं उलटलं. रात्रीचं जेवण उतरेना. आणि नेमकं ३ ते ६ जुलै असं चार दिवसांचं शिक्षक प्रशिक्षण नवसारीला निघालं. जायचं नाही म्हटलं तर लेखी कारण द्यावं लागे, आणि 'बरणी' हे कारण लेखी देणं त्यांना जमेना. "कोणालाही हात लावू देऊ नकोस," असं अलकाताईंना चार वेळा सांगून ते गेले. त्यांतलं एकदा स्टेशनवरून फोन करून.

शनिवारी संध्याकाळी परतले ते चपला न काढता बरणीपाशी गेले. बरणी हिरवीगार होती. नेचे ताठ होते. तळाचं पाणी दिसेनासं झालं होतं. काचेवर आतून नुसते बारीक थेंब. पानं सव्वीस.

इथे संशयी माणसाची खरी परीक्षा होती. तेवीसातली दोन पिवळी पानं कुठे गेली? डावीकडचा मोठा नेचा उजवीकडे कसा आला? सरांनी भिंग घेतलं. सील शाबूत, शिक्का स्पष्ट, सही आपलीच. त्यांनी अलकाताईंना विचारलं, "कोण आलं होतं?"

"उषाबाई. रोजच्यासारख्या."

"छगनभाई?"

"दारातूनच गेले. रुमाल घेऊन."

"पानं वाढली आहेत."

"झाडांना पानं वाढतातच," अलकाताई म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला गेल्या.

ज्या माणसानं थेपल्याची घडी उलगडून बघितली होती, त्यानं त्या दिवशी भिंग पुसून पेटीत ठेवलं. जगातल्या प्रत्येक गोष्टीचा संशय घेणारी माणसंही स्वतःला मिळालेल्या चांगल्या निकालाचा घेत नाहीत. नोंद झाली : 'वाढ अत्यंत समाधानकारक. हिंगाचा दुष्परिणाम नाही.' दोन ताटं भरून जेवले.

शुक्रवारी, १९ जुलैला, हिवताप विभागाचा माणूस आला. प्लेगच्या वर्षानंतर शहरात घरोघर साचलेलं पाणी तपासायला माणसं फिरत, आणि तपासून झालं की दारावर खडूनं तारीख टाकत. हा माणूस म्हणजे ललित. सरांच्या यादीतला एकोणिसावा. मार्च १९८९, गणित, डाव्या बुटात चिठ्ठी.

"सर, ओळखलंत?"

"बूट," सर म्हणाले.

ललितनं पिंप बघितलं, कुलर बघितला, कुंडीखालची थाळी उलटी केली. मग बरणीशी येऊन थांबला. "आतून काचेवर पाणी दिसतंय, सर."

"तक्रार छगनभाईंनी केली ना?"

"तक्रार नाही. तुमच्या गल्लीची पाळी आली." सरांना हे अर्थातच पटलं नाही. ललितनं फॉर्म काढला. "टाकी, पिंप, कुलर, कुंडी, फुलदाणी आणि इतर. ही कशात घालू? फुलदाणी म्हटली तर आठवड्यातून एकदा रिकामी करावी लागेल. कुंडी म्हटली तर खालून भोक पाहिजे."

"इतर घाल."

"इतरला सुपरवायझर येऊन उघडून बघतात."

सर बरणीच्या पुढे येऊन उभे राहिले. सत्तावीस दिवस उरले होते. "सील केंद्रप्रमुखाशिवाय कोणालाही फोडता येत नाही," ते म्हणाले, आणि आवाज परीक्षागृहातला लागला नाही. "पंधरा ऑगस्टपर्यंत थांब. हवं तर मी लेखी देतो. हवं तर विनंती करतो."

ललितनं पेनाचं टोपण काढलं. विनंती हा शब्द त्यानं त्यांच्या तोंडून कधी ऐकलेला नसावा. १९८९ साली तो स्वतः तोच शब्द तीन वेळा म्हणाला होता. अलकाताई चहा घेऊन आल्या होत्या, त्या कपबशी हातात धरून तशाच उभ्या होत्या. बशी वाजत होती.

"काकू, घाबरू नका," ललित म्हणाला. त्यानं फॉर्म गुडघ्यावर धरला आणि 'इतर'समोर लिहिलं : सीलबंद, डासास प्रवेश नाही. "सर, तुम्ही माझ्या बुटातली चिठ्ठी पायांकडे न बघता काढली होती. या बरणीत काही गडबड असती तर तुमच्या नजरेतून सुटली असती का?"

"शक्यच नाही," सर म्हणाले.

अलकाताईंच्या हातातली बशी पुन्हा वाजली.

पंधरा ऑगस्टला सकाळी रिक्षातून, मांडीवर घेऊन, बरणी शाळेत गेली. झेंडावंदन झालं, सभागृहात भाषणं झाली. स्टेजवर सरस्वतीच्या तसबिरीपुढे समई तेवत होती, शेजारी टेबलावर बरणी. पालकांच्या बाजूला पुढच्या रांगेत अलकाताई आणि उषाबाई. छगनभाईही आले होते, मागच्या दाराजवळ बसले होते. पाचवा क्रमांक पुकारला गेला. हिरवी बरणी बघून पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि सरांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. त्या पाहण्यात दोन वर्षांच्या खिचडीचा हिशेब होता.

"शंका जिनं काढली तिनंच सील तपासावं," सर म्हणाले. "वर्षा बोरसे, वर ये. नोंदवही हातात घे. एकेक बाब मोठ्यानं वाच आणि ताडून बघ. हीच शास्त्रीय पद्धत आहे."

वर्षानं वाचलं. मांजरपाट, बरोबर. लाख, बरोबर. शिक्का, बरोबर. सही, बरोबर. "पांढरा सुती दोरा, दीड हात," तिनं वाचलं, आणि दोऱ्याचं लोंबतं टोक दोन बोटांत धरून चोळलं. पुन्हा चोळलं.

"सर, हा सुती नाही."

"पांढरा आहे ना?"

"पांढरा आहे. पण हा पॉलिएस्टर आहे, सर. लूमवरचा."

"कशावरून?"

नवागामात याचं उत्तर कोणी तोंडानं देत नाही. तिनं टोकाचा बोटभर तुकडा दातानं तोडला आणि समईच्या ज्योतीत धरला. सूत जळलं की राख होते, हे तिथे बसलेल्या निम्म्या पालकांना माहीत होतं, आणि ते माना उंच करून बघत होते. दोरा जळला नाही. तो आक्रसला, वितळला, आणि टोकाला काळा, कडक मणी झाला. वर्षानं तो सरांच्या तळहातावर ठेवला.

"गाठ झाली, सर. पॉलिएस्टर."

मागून वाल्मिक मुकादमांचा आवाज आला, "बरोबर शे पोरीनं."

सरांनी तळहातावरचा मणी पाहिला. पुढच्या रांगेत पाहिलं. उषाबाई छताकडे बघत होत्या. अलकाताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. त्रेचाळीस मुलांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं ते अपराधीपण सरांना लगेच ओळखता आलं, आणि त्याच वेळी हेही कळलं, की ओळखायला ते चाळीस दिवस उशिरा पोहोचले आहेत.

अलकाताई उभ्या राहिल्या. "मी बदललं. घरात सुती दोरा संपला होता, तर उषाबाईंकडून आणला. मला पांढरा तो पांढराच."

सर सवयीप्रमाणे जबाब घ्यायला लागले. "तारीख?"

"पाच जुलै. शुक्रवार. तुम्ही नवसारीला होतात."

"कारण?"

"आतलं सगळं कुजलं होतं. तळाला बोटभर पाणी, वास येत होता. मला खिचडीचं वर्ष आठवलं. तुम्ही आठवडाभर जेवला नव्हतात त्या वर्षी. मी आणि उषाबाईंनी टाकीमागून नवे नेचे आणले. सगळं परत तुमच्यासारखं लावलं, परत बंद केलं. त्यानंतर उघडलं नाही."

"पाणी किती घातलं?"

"नोंदवहीत होतं तेवढं. अर्धी वाटी. उषाबाई म्हणत होत्या आणखी टाका. मी म्हटलं, नको, हे म्हणतात की पाणी फिरतं, तर फिरत असेल."

मुख्याध्यापकांनी कार्यक्रमपत्रिकेवर सहावा क्रमांक शोधायला सुरुवात केली होती. सरांच्या लक्षात आलं की अजून सुटायला वाव आहे. पाच जुलै ते पंधरा ऑगस्ट, एक्केचाळीस दिवस झाडं खरोखर जगली होती. तेवढं सांगून खाली उतरता आलं असतं. पण वर्षा नोंदवहीतच बघत होती, आणि तिच्या कपाळाला आठी पडली होती. ती आठी सरांना ओळखीची होती. ती त्यांची स्वतःची होती.

"सर," ती म्हणाली, "काकूंनी अर्धी वाटी घातली, ती जगली. तुम्हीपण अर्धीच घातली होती. मग तुमची का कुजली?"

पुराणिक सरांनी समईकडे पाहिलं. मग नोंदवही तिच्या हातून घेतली, खिशातून पेन काढलं, १६ जूनच्या पानावरची 'अर्धी वाटी' खोडली, वर 'अडीच' लिहिलं आणि बाजूला सही केली.

"अलका लाख तापवायला गेली होती," ते माइकमध्ये म्हणाले. "मला वाटलं, अर्ध्या वाटीत भागेल का? मासिकवाल्यांचा काय भरवसा? दोन वाट्या आणखी घातल्या. लिहिल्या नाहीत." मग म्हणाले, "कॉपी केस चव्वेचाळीस. परीक्षार्थी श्रीरंग पुराणिक. नियमाप्रमाणे पेपर जप्त होतो आणि दुसरी कोरी उत्तरपत्रिका मिळते."

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. फक्त दाराजवळून छगनभाई उठले, चालत स्टेजपाशी आले आणि पहिल्यांदा रुमालाशिवाय बरणीला हात लावून म्हणाले, "एकेचाळीस दिवस पण कमी नाय, सर."

दुसऱ्या प्रयोगाची बरणी उघडायची तारीख ठरली २६ जानेवारी. तीनच दिवसांनी, रविवारी, वर्षा नवागामहून पॉलिएस्टरचं एक बॉबिन घेऊन घरी आली. सुती दोरा ओलीनं कुजतो, हा पाहिजे, ती म्हणाली. उषाबाई सोफ्यावर बसल्या होत्या. नव्या नोंदवहीतली पहिली ओळ वर्षानं स्वतःच्या अक्षरात लिहिली. सरांनी अर्धी वाटी मोजून पाणी घातलं. अलकाताई लाख तापवायला आत गेल्या.

वाटी अजून हातात होती. तांब्या शेजारीच होता. सरांनी बरणीत वाकून पाहिलं. माती त्यांना जरा कोरडी वाटली.

"सर," वर्षा म्हणाली.

"काही नाही," सर म्हणाले, आणि वाटी तिच्या हातात देऊन पाठीमागे हात बांधून उभे राहिले.